डोळे शेवटी

भोसरीतल्या आमच्या शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली दोन मशीनं तीन वर्षं उभी होती. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. सकाळी शटर वर करताना मी त्या बाजूला बघायचं टाळायचो. एकदा दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या एकाच्या इलेक्ट्रिकल पॅनलचं दार उघडलं, तर आत उंदरानं संसार थाटलेला. वायरी कुरतडून पिलांसाठी गादी केली होती. आमचे हिशेब बघणारे काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "साहेब, हे लोखंड नाही, आपली रोकड उभी आहे. आणि ती उंदीर खातोय."

ती मशीनं तिथे कशी आली आणि तिथून कशी गेली हे सांगायचं, तर आधी आमचा धंदा सांगायला हवा.

1984 साली मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी एका मोठ्या कंपनीच्या मशीन बनवणाऱ्या विभागात ड्रॉइंग ऑफिसला लागलो. नऊ वर्षांनी दोन मित्रांबरोबर भोसरीत भाड्यानं शेड घेतली. तेव्हापासून 2021 पर्यंत एकच काम केलं, एसपीएम बनवण्याचं. एसपीएम म्हणजे स्पेशल पर्पज मशीन. लेथवर कुठलाही गोल जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कातता येतो. एसपीएमचं तसं नसतं, ते एका जॉबसाठीच जन्माला येतं. एखाद्या गिअरबॉक्सच्या केसिंगला तीन बाजूंनी अकरा भोकं पाडायची असतात. गिऱ्हाईक जॉबचं ड्रॉइंग आणि चार-पाच नमुने पाठवतं आणि सांगतं, पन्नास सेकंदांना एक निघाला पाहिजे. तेवढ्यावरून आम्ही मशीन मनात उभं करायचं, मग कागदावर, मग जमिनीवर.

टेल्को आणि बजाज 1960च्या दशकात पिंपरी-आकुर्डीला आल्या. त्यांच्यामागे सुटे भाग करणारे आले आणि त्या भागवाल्यांना मशीनं पुरवायला आमच्यासारखे. भोसरीच्या गल्ल्यांत एका शेडमध्ये पॅटर्न, दुसरीत ग्राइंडिंग, तिसरीत हीट ट्रीटमेंट अशी कामं वाटलेली असत. गुरुवारी लाइट नसायची म्हणून आठवड्याची सुट्टी गुरुवारी. गिऱ्हाइकाचा निरोप मात्र गुरुवारीही यायचा, "मशीन कधी देताय?"

या एका प्रश्नात आमचं सगळं दुखणं होतं. डिझाइन आणि त्याची मंजुरी यांत नऊ आठवडे जात. पॅटर्न करून कास्टिंग हातात यायला आठ. मशिनिंगला पाच, जुळणी आणि वायरिंगला सहा, ट्रायलला तीन. बेरीज एकतीस आठवडे. ऑर्डरवर मात्र वीस लिहावे लागत, कारण एकतीस लिहिणाऱ्याला ऑर्डर मिळत नसे. उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड, जास्तीत जास्त पाच टक्के. अकरा आठवडे उशीर झाला की पाचही टक्के गेलेच. आमचा नफा आठ-दहा टक्क्यांचा. म्हणजे मशीन कितीही देखणं केलं तरी निम्मी कमाई कॅलेंडर खाऊन टाकत होतं.

यातून सुटायचा मार्ग दिसायला सोपा होता. ऑर्डर यायच्या आधीच काम सुरू करायचं. पण ज्या मशीनचा जॉबच अजून माहीत नाही, ते आधी करायचं तरी कसं? माझी सदतीस वर्षं याच प्रश्नात गेली.

सुरुवातीला आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. प्रत्येक मशीन कोऱ्या कागदावरून काढायचो आणि त्याचा अभिमान बाळगायचो. ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, अमोनियाच्या वासाच्या प्रिंट. एका मशीनची चारशे-साडेचारशे ड्रॉइंगं होत. आधीच्या मशीनची स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारा भाग, चालली असती तरी मी नवी काढायचो. नव्यानं विचार करणं म्हणजेच इंजिनिअरिंग, असं मला वाटे. दुसऱ्याचं ड्रॉइंग उचलणं म्हणजे कॉपी करून पास होणं.

या हौसेची किंमत पहिल्यांदा कळली ती वाळूजच्या एका गिऱ्हाइकाकडे. त्याच्या मशीनचं बेड कास्टिंग, म्हणजे बुडाचा ओतीव पाया, फाउंड्रीतून उशिरा आलं. बिडाचं मोठं कास्टिंग ओतलं की थंड होताना त्याच्या पोटात ताण राहतात. जुने लोक असे बेड महिनोन्महिने उघड्यावर ऊन-पावसात ठेवत, मग हात लावत. हल्ली भट्टीत साडेपाचशे-सहाशे अंशांवर तापवून हळूहळू निववतात. आमच्याकडे दोन्हींना वेळ नव्हता. आलं तसं प्लेनरवर चढवलं, गाइडवे घासले, मशीन जोडलं. आमच्याकडे ट्रायल झकास झाली. दीड महिन्यानं गिऱ्हाइकाकडून फोन आला, भोकं रेषेत येत नाहीत. जाऊन डायल लावला तर बेडला चाळीस मायक्रॉनचा पीळ पडलेला. लोखंडानं आमच्याकडे जी विश्रांती मागितली होती, ती त्यानं गिऱ्हाइकाच्या दारात घेतली.

मी आणि आमचे सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, चार दिवस तिथे होतो. मामा निळा रंग लावायचे, सरफेस प्लेट फिरवायचे, उठलेले ठिपके बघून स्क्रेपर चालवायचे. इंचभर चौकोनात ठिपके पुरेसे आणि सारखे उठेपर्यंत पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री पाठ टेकवत म्हणाले, "साहेब, ह्या बेडला काय माहीत होतं हो ऑर्डर कुणाची आहे ते? सहा महिने आधी वतून अंगणात टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी ऐकलं, पण अर्धवट. आधी करायचं एवढं मला पटलं. काय आधी करायचं, हे मामांनी त्याच वाक्यात सांगितलं होतं, ते निसटलं.

1995 मध्ये आम्हाला एकाच जातीच्या तीन मशीनांच्या ऑर्डरी लागोपाठ आल्या. शाफ्टची दोन्ही टोकं सपाट करून मध्ये सेंटर पाडणारं मशीन, फेसिंग-सेंटरिंगचं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की या मशीनची मागणी राहणारच, आणखी तीन करून ठेवू, गिऱ्हाईक आलं की आठवड्यात देऊ. बाजार चढता होता. मीही मान डोलावली. बँकेनं कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली. 1996 च्या दसऱ्याला तीन नवी कोरी मशीनं रंग देऊन रांगेत उभी होती आणि तिन्हींना हार घातले होते.

एक लगेच विकलं गेलं. त्यामुळे उलट जास्तच फसलो. 1997-98 मध्ये ट्रकचा बाजार पडला आणि शाफ्टवाल्यांनी खरेदी थांबवली. बाजार थोडा सावरल्यावर जे बघायला येत, त्यांना आमची मशीनं थोडक्यात हुकत. एकाचा शाफ्ट साडेसातशे मिलिमीटरचा, आमचं मशीन सहाशेपर्यंतच. दुसऱ्याला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमनं चालणारा कंट्रोलर, हवा होता, आमच्या पॅनलमध्ये रिले. तिसऱ्याला जॉब वरून टाकायचा होता, आमचं फिक्स्चर समोरून. कॅश क्रेडिटचं व्याज तेव्हा सतरा-अठरा टक्क्यांच्या घरात होतं. तीन वर्षांत सरळ व्याजानंही मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम गेली. पुढचं उंदरानं केलं.

आता गंमत ऐका. 1999 च्या शेवटी एक घाईची ऑर्डर आली. स्लाइड करायला वेळ नव्हता. मामांनी मला न विचारता ताडपत्री बाजूला केली आणि उभ्या मशीनची स्लाइड काढून नव्या मशीनवर बसवली. दीड महिना वाचला. मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी हिशेब केला आणि गप्प बसलो. पुढच्या पाच महिन्यांत हायड्रॉलिक पॉवर पॅक एका मशीनला गेला, बेड दुसऱ्याला, स्पिंडल तिसऱ्याला. तीन वर्षं अख्खं न विकलं गेलेलं मशीन सुटं होऊन पाच महिन्यांत संपलं. शेवटी फिक्स्चर, गार्ड आणि कुरतडलेलं पॅनल उरलं. जे भाग गिऱ्हाइकासाठी म्हणून केले होते, नेमके तेच भंगारात गेले. दुसरं मशीन पुढे एकानं लागत भावात नेलं.

तरीही हे सगळं मला शब्दांत धरता येत नव्हतं. ते पेणला जमलं.

बायकोचं माहेर पेणजवळ. 2000 च्या उन्हाळ्यात तिकडे गेलो असताना घरच्या गणपतीचं सांगून यावं म्हणून हमरापूरच्या बाजूला एका कारखान्यात गेलो. त्या भागात हमरापूर, जोहे अशा गावांत वर्षभर मूर्ती होतात. माळ्यापर्यंत पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या. माझ्यातला भाजलेला मशीनवाला जागा झाला. मी विचारलं, "एवढ्या मूर्ती. ऑर्डरी आल्यात का सगळ्यांच्या?"

"ऑर्डर कसली? गणपती दर साली येतोच. कुणाच्या घरी जायचा ते मागनं ठरेल."

"आणि लोकांना वेगळा रंग हवा असला तर?"

"म्हणून तर पांढऱ्या ठेवल्यात. पीतांबर, शेला, दागिने, सांगाल तसं. डोळे मात्र सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?"

"डोळे आखले की मूर्ती एकाची झाली."

नऊ इंच, फूट, सव्वा फूट, दीड फूट अशी त्यांची मापं ठरलेली होती. कुणी तेरा इंचाची मागितली तर ते हसून सव्वा फुटाची दाखवत आणि माणूस तीच घेऊन जाई. हे बघताना मला पॉलिटेक्निकमधला एक धडा आठवला, जो मी चार मार्कांसाठी पाठ केला होता. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच सैन्यात शार्ल रनार नावाचा अधिकारी होता. बलूनसाठी सैन्य सव्वाचारशे जातींचे दोर बाळगून होतं. त्यानं मापांची एक शिडी बसवली, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या ठरावीक पटीत, आणि सव्वाचारशेचे सतरा दोर केले. त्या शिडीच्या एका रूपात पायऱ्या साधारण सव्वापटीच्या असतात: 250, 320, 400, 500, 630. जगभरची एसपीएमवाली मंडळी स्लाइडची रुंदी याच मापांत ठेवतात, हे मला माहीत होतं. मी मात्र 290, 335 आणि 410 च्या स्लाइड काढत बसलो होतो, कारण त्या माझ्या होत्या.

पेणहून आल्यावर पुढच्या गुरुवारी, बंद शेडमध्ये, आम्ही तिघांनी आधीच्या एकेचाळीस मशीनांची असेंब्ली ड्रॉइंगं जमिनीवर पसरली. दोन पेन्सिली घेतल्या. जो भाग कुठल्या जॉबसाठी आहे हे सांगता येत नाही तो निळा, जो बघताच जॉब ओळखू येतो तो लाल. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. फिक्स्चर, टूलिंग, जॉबला धरणारं आणि कापणारं सगळं लाल. बेड, कॉलम, स्लाइड, पॉवर पॅक, वंगणाची व्यवस्था हे सगळं निळं असायला हवं होतं, पण प्रत्येक वेळी तीन-चार मिलिमीटरनं वेगळं. वंगण वाटणाऱ्या ब्लॉकचे सतरा प्रकार निघाले. त्यातल्या एकाही फरकाचं कारण आम्हाला आठवेना. गिऱ्हाइकानं यातलं काही मागितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये एक शब्द रूढ झाला. निळं काम झालं की फिटर म्हणत, "ह्याचे डोळे राहिलेत."

पाच मापांच्या स्लाइड, तीन बेड, दोन कॉलम एवढं नक्की केलं. बेड सहा-सहाच्या हप्त्यानं ओतून मागच्या अंगणात टाकायला लागलो. ऑर्डर आल्यावर डिझाइनरनं फक्त लाल भाग काढायचा. एकतीस आठवडे दोन वर्षांत बावीसवर आले, आणि दंड जवळजवळ थांबला.

हे लिहायला सोपं वाटतं, पण यात माणसं दुखावली गेली. आमचे एक डिझाइनर, माझ्यापेक्षा हुशार, एके दिवशी केबिनमध्ये येऊन म्हणाले, "सर, आता मी डिझाइनर राहिलो नाही. कॅटलॉगमधनं उचलून जोडणारा झालो." त्यांना समजावताना मी वेळ वाचतो, पैसे वाचतात असलं काहीतरी बोललो. ते वर्षभरात सोडून गेले. त्यांना काय सांगायला हवं होतं ते मला फार उशिरा सुचलं. जो वेळ बेडवर जात होता, तो आता सगळा फिक्स्चरवर घालता येणार होता. खरी अक्कल तिथेच लागते. मूर्तिकाराचा हात डोळे आखताना कळतो. हे तेव्हा म्हणालो असतो तर ते कदाचित राहिले असते.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. अंगणात बेड तयार, कपाटात स्लाइड तयार, म्हणून येईल तो जॉब त्यांच्यावर बसवायची चटक लागली. 2005 मध्ये एका गिऱ्हाइकाच्या नऊ किलोच्या केसिंगसाठी खरं तर उभं मशीन हवं होतं. आमच्याकडे आडव्या मशीनचं सगळं तयार होतं. आम्ही आडवंच दिलं, वेळेच्या आधी दिलं. सायकल टाइम बसला, मापं बसली, सगळ्या कसोट्यांना मशीन उतरलं. महिन्यानं मी सहज भेट द्यायला गेलो तर मशीनवरच्या ऑपरेटरनं मला बाजूला घेतलं. पोरगेलाच होता. म्हणाला, "साहेब, पाळीला साडेपाचशे जॉब आहेत. प्रत्येकाला वाकून आत ढकलावा लागतो. तुम्ही एक तास लावून बघा."

मी लावून बघितलं. वीस मिनिटांत कंबर बोलायला लागली.

गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. कागदावर मशीन पास होतं. तरी आम्ही आमच्या खर्चानं जॉब सरकवणारं रोलरचं टेबल करून दिलं. ते मशीन आम्हाला तोट्यात गेलं आणि ते योग्यच झालं. त्या पोराची कंबर हा लाल भाग होता. आम्ही ती निळ्यात धरली होती, कारण आमच्या सोयीचं तसं होतं. तेव्हापासून प्रपोजल काढताना पहिलं चित्र मशीनचं काढायचं नाही, मशीनसमोर उभ्या माणसाचं काढायचं, असा नेम केला. त्याचा हात कुठवर जातो ते आधी बघायचं, मग अंगणातला बेड चालतो का ते.

तिसरी ठेच जास्त खर्चाची होती. 2008 च्या जून-जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकाऱ्यानं फोनवर सांगितलं, "चार मशीनांची ऑर्डर आलीच समजा." बाहेरून येणारे बॉल स्क्रू आणि लिनियर गाइड मिळायला तेव्हा चौदा-सोळा आठवडे लागत. आम्ही शब्दावर विसंबून चार मशीनांचे सर्व्हो मोटर, बॉल स्क्रू, सगळं मागवलं, तेही त्याच जॉबच्या मापाचं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत बँका कोसळल्या, आणि त्या प्रकल्पाची फाइल कायमची बंद झाली. माल डिसेंबरात आला. त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. तो खोटं बोलला नव्हता. "समजा" हा शब्द त्याचा होता, आणि आम्ही खरंच समजून बसलो.

त्यानंतर स्टोअरच्या भिंतीवर मी ऑइल पेंटनं तीन ओळी लिहून घेतल्या. कुठल्याही मशीनला चालतं ते ऑर्डर नसताना आणा. एका जातीच्या मशीनांना चालतं ते लेखी पत्र आणि अॅडव्हान्स हातात आल्यावर आणा. एकाच गिऱ्हाइकाला चालतं ते त्याची ड्रॉइंगवर सही झाल्याशिवाय आणू नका. नवीन माणूस आला की आधी त्याला ती भिंत दाखवायची. मी स्वतः दोनदा ती भिंत मोडली आणि दोन्हीदा पस्तावलो.

आधी करून ठेवण्यात एक मोह आणखी आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. हात रिकामे असले की मालकाला बोचतं. 2009 च्या मंदीत सहा महिने ऑर्डरी जवळजवळ नव्हत्या. आम्ही एकाही माणसाला घरी पाठवलं नाही. सगळ्यांना निळ्या कामाला लावलं. मामा आणि त्यांच्या हाताखालची पोरं दिवसभर स्लाइड स्क्रेप करत होती. मंदी उठल्यावर त्या स्लाइडवरच आम्ही शेजाऱ्यांच्या आधी मशीनं दिली. इथवर सांगितलं तर मी शहाणा ठरतो. पुढचंही सांगतो. त्याच काळात 630 च्या अकरा स्लाइड झाल्या. आमच्या सगळ्यात मोठ्या मापाच्या, वर्षाला एखादीच लागणाऱ्या. त्या का केल्या? कारण त्यांची ड्रॉइंगं हाताशी होती, कास्टिंग पडून होती आणि मोठं काम दिलं की माणसं जास्त दिवस गुंततात. ती गरजेची गणती नव्हती, मनाची समजूत होती. त्या संपायला नऊ वर्षं लागली.

त्यातून एक सोपा उपाय सापडला. खंडेनवमीला आम्ही शेड धुऊन पुसून प्रत्येक मशीनला, हत्याराला, कपाटातल्या तयार भागाला झेंडूचं फूल वाहतो. मी ठरवलं, फूल वाहताना वही घेऊन फिरायचं. गेल्या खंडेनवमीला ज्या भागाला फूल वाहिलं, तोच यंदाही तिथेच असेल तर त्याच्यासमोर खूण करायची. दोन खुणा झाल्या की तो भाग करायचा बंद. तीन खुणा झाल्या की वापरून टाका, विका, नाहीतर वितळवा. बँकेला दर महिन्याला मालाची यादी जायची, पण त्या यादीतून जे कधी कळलं नाही ते या फुलांनी सांगितलं.

भागाभागांतही फरक असतो हे शेवटच्या वर्षांत पक्कं कळलं. बिडाचं कास्टिंग लोणच्यासारखं, ठेवाल तितकं मुरतं. सील आणि होस पडून पडून कडक होतात. इलेक्ट्रॉनिक्स तर दुधासारखं. आज घेतलेलं मॉडेल उद्या कंपनी बंद करते. म्हणून पीएलसी आणि ड्राइव्ह कधी साठवायचे नाहीत असा आमचा दंडक होता. 2021 मध्ये जगभर चिपची टंचाई आली आणि जो ड्राइव्ह तीन आठवड्यांत मिळायचा, त्याला आठ-नऊ महिने सांगायला लागले. अंगणात मुरलेले बेड तयार, स्लाइड तयार, फिक्स्चर तयार, आणि मशीन एका छोट्या पेटीसाठी उभं. आमचा दंडक त्या वर्षी चुकीचा ठरला. पुढच्या पिढीनं तो बदलला, दोन मशीनांपुरती इलेक्ट्रॉनिक्स ठेवायची असं ठरवलं. ते बरोबर केलं. भिंतीवरच्या ओळी दगडावरच्या नसतात. मधूनमधून रंग काढून पुन्हा लिहाव्या लागतात.

निळा भाग कायम निळा राहत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. आमचे बेड इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांसाठी घडले. विजेच्या गाड्यांचे जॉब वेगळे येतात. मोटरचं अॅल्युमिनियमचं घर पातळ असतं, हलकं असतं, पकडायला नाजूक. कालपर्यंत ज्याला गिऱ्हाईक माहीत नव्हतं, त्या आमच्या बेडला एक गिऱ्हाईक होतंच. इंजिनावर चालणारी गाडी. ते आम्हाला दिसलं नव्हतं इतकंच.

मी निवृत्त झालो तेव्हा एका तरुण कारखानदारानं विचारलं, "सर, किती टक्के आधी करायचं आणि किती ऑर्डरवर?" मी त्याला टक्केवारी सांगितली नाही. प्रत्येक शेडची ती वेगळी असते आणि माझी मला लागायला वीस वर्षं गेली. एवढंच सांगितलं की ईआरपीचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी, नवी शेड बांधण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी शेवटच्या दहा मशीनांची ड्रॉइंगं जमिनीवर पसर. दोन पेन्सिली घे. डिझाइनरला आणि सगळ्यात जुन्या फिटरला सोबत बसव. निळं काय आणि लाल काय यावर तुमची भांडणं होतील, ती होऊ दे. आणि दोन वर्षांनी पुन्हा बस.

आमच्या भिंतीवरच्या तीन ओळी आता चौथ्यांदा रंगवल्या आहेत, असं परवा कळलं. मागच्या अंगणात सहा बेड पडून आहेत, कोणत्याही ऑर्डरचा नंबर नसलेले.